खोलीचं तापमान

सगळ्या शोधनिबंधांत एक ओळ ठरलेली :
नमुना खोलीच्या तापमानाला ठेवला.
कुणाची खोली, ते कुणी लिहीत नाही.

फतेहगंजच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या खोलीत अकरा मेला
दुपारी पावणेतीनला लाइट गेली
आणि एसीच्या शेवटच्या उसाशानंतर
पाऊण तासात
रॅकमधल्या चोवीस नळ्या एकामागून एक पांढुरल्या,
तांदूळ धुतल्याचं पाणी जसं.

लोणी उन्हात वितळतं. याची रीत उलटी.
गारव्यात पाण्याशी एकजीव, दिसतही नाही;
ऊब लागली की अंग आकसून
आपापल्यांना धरून तळाशी बसतं.
पुन्हा बर्फात ठेवा,
जसं काही झालंच नव्हतं.

घडण तशी साधी. पाच पानांची पंगत :
व्हॅलीन, प्रोलीन, ग्लायसीन, पाहुणा, ग्लायसीन.
मग तीच पंगत पुन्हा, शंभर-सव्वाशे वेळा,
कुणी न उठता.
चौथ्या पानावर कोण बसवायचा एवढंच माझ्या हाती,
आणि सगळं घर कितीला बिथरेल, ते त्याच्या हाती.

ही नक्कल आहे. मूळचं असतं कातडीत, फुप्फुसात,
हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत.
आईच्या पोटात आणि शेंबड्या वयात
एकदा विणून होतं, मग माग जवळजवळ बंद.
तेवढ्यावर सत्तर-ऐंशी वर्षं काढायची.

बाबांनी दांडिया बाजारात एकेचाळीस वर्षं
पोरांना मल्लखांबावर चढवलं.
परवा डॉक्टर म्हणाले, महाधमनी ताठरलीय.
"ताठ तर मी पहिल्यापासूनच," बाबा म्हणाले,
आणि गाडीत बसल्यावर, जरा वेळाने,
"तुझं ते रबर घाल की माझ्यात."
मी गिअर बदलला.
माझं रबर अजून उंदराच्या गुडघ्यापर्यंतही पोचलेलं नाही, बाबा.
त्याने सुईतून पातळ जायचं, अंगात दाटायचं,
औषध कवटाळून महिनाभर थेंब थेंब सोडायचं.
त्याला बाकी काही येत नाही.

आणि तेही या गावात जमेना.
खोली एक्केचाळीस, माणूस सदतीस.
सुईतच गोठायचं.
आपण माणसात शिरलो की अजून टेबलावरच आहोत,
हे त्याला कळावं कशावरून?
नुसत्या उबेवर विश्वास ठेवून
मे महिन्यात बडोद्यात कुणाचं भलं झालंय?

मी पाहुणे बदलले.
अ‍ॅलानीन बसवून पाहिलं : फार थंड डोक्याचं, दाटेचना.
मग मधूनमधून, काही पंगतींना,
ग्लुटामिक आम्ल. अंगावर ऋण भार असलेला पाहुणा.
एका ऋणकोचं दुसऱ्याशी पटत नाही,
सगळे एकमेकांपासून अंतर राखून,
पाणी नितळ.
साखरेच्या पाण्यात ठेवला तर
चव्वेचाळीसलाही ढिम्म.
(आमटीत गूळ घालणारं गाव आहे हे. त्याला इथलं पाणी मानवलं असावं.)
पण त्याच पाण्यात रक्ताइतकं मीठ टाकलं की
ऋण झाकलं जातं
आणि छत्तीसलाच दाटतो.

वहीत मी आकडे लिहिले, आलेख काढला,
कडेला पेन्सिलीने : मिठाला जागतो.
गाइड ते खोडतील.

आता परत लाइट गेलीय.
भूपतभाई कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून
पातेलंभर बर्फ घेऊन तीन जिने चढून आले,
धापा टाकत, छाती भात्यासारखी वरखाली.
अठ्ठावन्न वर्षांपूर्वी विणलेलं ते,
अजून ताणतंय, अजून परत येतंय.
जुन्या चोवीस नळ्या आम्ही बर्फात खोचल्या.
बाबांचा फोन वाजतोय. घेते.
"बेन," भूपतभाई एक नळी खिडकीशी धरून,
"आ जुओ, चोखुं थई गयुं."
नळीपलीकडे कडुलिंब दिसतो,
जरासा वाकडा.